चिमूटभर बेटांचं स्थलांतर

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहिलं तरी 'नीट'ची तयारी करणाऱ्या मुलामुलींची घोकंपट्टी कानावर येते. नांदेडातही तेच. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात स्वादुपिंडाबद्दल एक वाक्य आहे आणि ते या सगळ्यांना पाठ असतं. माणसाच्या स्वादुपिंडात लँगरहान्सची दहा ते वीस लाख बेटं असतात आणि ती त्या अवयवाच्या एक ते दोन टक्केच असतात. अल्फा पेशी ग्लुकॅगॉन बनवतात, बीटा पेशी इन्सुलिन. पर्यायावर खूण करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

मला मात्र त्या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. स्वादुपिंडाचं वजन साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम. त्याचे एक ते दोन टक्के म्हणजे एक-दोन ग्रॅम. जन्मापासून मरेपर्यंत आपण खाल्लेल्या प्रत्येक भाकरीतली, प्रत्येक पुरणपोळीतली साखर पेशींपर्यंत पोचवणारं इन्सुलिन या एवढ्याशा ऐवजातून येतं. ही सगळी बेटं गोळा केली तर चहाच्या चमच्यात मावतील. एकेक बेट खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं. आणि ही बेटं त्यांच्या जागेवरून उचलून शरीरात दुसरीकडे वसवता येतात. ज्या अवयवात ती जन्मली तो अवयव उरला नाही, तरी ती आपलं काम चालू ठेवतात.

ज्याच्या नावाने ती ओळखली जातात तो पॉल लँगरहान्स 1869 मध्ये बर्लिनमध्ये शिकत होता. वय अवघं 21. सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्याला पाचक रस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत वेगळ्याच, फिकट पेशींचे पुंजके दिसले. त्याने त्यांचं नेटकं वर्णन केलं आणि त्या कशासाठी आहेत हे आपल्याला माहीत नाही, असं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं. पुढे क्षयाने त्याला गाठलं. हवापालटासाठी तो अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर जाऊन राहिला आणि 1888 मध्ये, चाळिशीत, तिथेच वारला. त्या पुंजक्यांना 'बेटं' हे नाव फ्रान्सच्या एदुआर लागेसने 1893 मध्ये दिलं. बेटं शोधणारा माणूस बेटावरच गेला, पण आपण बेटं शोधली हे त्याला कळलं नाही. ट्यूशन एरियातल्या सतरा वर्षांच्या पोरीला जे तोंडपाठ आहे, ते लँगरहान्सला आयुष्यभर ठाऊक नव्हतं.

तो गेल्यानंतर वर्षभरातच, 1889 मध्ये, स्ट्रासबुर्गला ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड पूर्ण काढून टाकलं. कुत्रा जगला, पण सारखा लघवी करू लागला. लघवी तपासली तर साखर. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट झालं. (त्याच वर्षी आपल्याकडे, म्हणजे नांदेड-लातूर ज्या निजामाच्या राज्यात होतं त्याच्या राजधानीत, दुसरं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं होतं. भूल देताना जीव कशाने जातो, हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, याचे प्रयोग तिथेही कुत्र्यांवरच चालले होते आणि खर्च निजाम सरकारचा होता. मोठी ऑपरेशनं ज्या भुलीच्या आधारावर उभी राहिली तिचा अभ्यास आपल्या जुन्या राजधानीतही चालला होता, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.)

मिन्कोव्स्कीचा त्यानंतरचा प्रयोग मला जास्त थक्क करतो. 1892 च्या सुमारास त्याने कुत्र्याच्याच स्वादुपिंडाचा एक तुकडा त्याच्या कातडीखाली बसवला आणि उरलेलं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्र्याला मधुमेह झाला नाही. मग तो कातडीखालचा तुकडा काढला आणि लगेच साखर चढली. फ्रान्समध्ये एदों या संशोधकानेही असंच करून पाहिलं. तेव्हा 'इन्सुलिन' हा शब्दही जन्मला नव्हता आणि बँटिंग-बेस्ट यांच्या इन्सुलिनच्या शोधाला तीस वर्षं अवकाश होता. तरी मुख्य गोष्ट सिद्ध झाली होती. स्वादुपिंड कुठे आहे याला महत्त्व नाही, त्याच्यातल्या त्या अज्ञात ऐवजाला रक्त मिळतंय का, याला आहे.

पण माणसाचं स्वादुपिंड पूर्ण काढायची वेळ येतेच कशाला?

कर्करोगात ती येते, पण ती गोष्ट वेगळी. तिथे काढलेल्या अवयवातल्या पेशी परत शरीरात सोडायच्या म्हणजे त्यांच्याबरोबर कर्करोगाचीही पेशी जाण्याची भीती. बेटांच्या स्थलांतराचा खरा रुग्ण आहे जुनाट स्वादुपिंडदाहाचा, ज्याला आपल्याकडे बोलताना 'पॅन्क्रियाला सूज' म्हणतात. स्वादुपिंड हा विलक्षण धोकादायक कारखाना आहे. मांस पचवणारा ट्रिप्सिन हा रस तो बनवतो आणि तो स्वतःही मांसाचाच आहे. म्हणून हा रस आतड्यात पोचेपर्यंत निद्रिस्त अवस्थेत ठेवलेला असतो. वर स्पिंक-1 नावाच्या जनुकाने बनवलेला एक ब्रेकही असतो, एखादा थेंब चुकून आतच जागा झाला तर त्याला आवरणारा. हा ब्रेक ढिला पडला की अवयव स्वतःलाच पचवू लागतो. सूज येते, व्रण होतो, नळ्या आखडतात, त्यांत खडे धरतात.

दारू हे या दुखण्याचं मोठं कारण आहेच, पण दक्षिण भारतात दारूला कधी न शिवलेल्या कोवळ्या मुलांनाही ते होतं. केरळात पी. जे. गीव्हर्गीज यांनी असे शेकडो रुग्ण पाहून नोंदवले. बराच काळ संशय टॅपिओकावर होता, ज्याच्यापासून आपला साबुदाणा बनतो त्याच कंदावर. तो संशय पुढे टिकला नाही. 2002 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले गिरिराज चांडक, लालजी सिंग आणि एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीचे डी. नागेश्वर रेड्डी यांच्या गटाने दाखवलं की अशा अनेक रुग्णांत स्पिंक-1 जनुकात बिघाड असतो. कुणाच्या खाण्याला किंवा आईच्या स्वयंपाकाला दोष देण्याआधी हे एवढं तरी लोकांपर्यंत पोचायला हवं.

या दुखण्याची कळ ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत घुसते. माणूस गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसतो. जेवायला भितो. नांदेडची माणसं निजामाबादमार्गे आणि लातूरची बिदरमार्गे हैदराबाद गाठतात, काहीजण पुण्याची वाट धरतात. बहुतेकांचं काम स्वादुपिंड काढण्याआधीच भागतं. दारू आणि तंबाखू सोडणं, पाचक रसाच्या गोळ्या, दुर्बिणीतून नळी मोकळी करणं, बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडे फोडणं. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूटनेच 2010 मध्ये खडे फोडलेल्या हजाराहून जास्त रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. त्यापलीकडे नळी आतड्याला जोडून वाट करून देण्याची ऑपरेशनं आहेत. हे सगळं करूनही ज्यांची कळ थांबत नाही, अशा थोड्यांसाठी शेवटचा उपाय म्हणजे अख्खं स्वादुपिंड काढणं.

काढलं की कळीचं मूळ जातं. पण इन्सुलिनही जातं आणि साखर फार उतरल्यावर तिला वर आणणारं ग्लुकॅगॉनही जातं. गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदमच काढून घ्यावेत तसं. साखर सकाळी चारशे तर दुपारी चाळीस, असा हा मधुमेह असू शकतो. एक यातना घालवायला दुसरी गळ्यात बांधायची की नाही, हा सर्जनपुढचा पेच होता.

तो सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न 1977 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड आणि जॉन नाजारियन यांनी केला. काढलेलं स्वादुपिंड टाकून द्यायचं नाही. त्यातली बेटं सोडवायची आणि त्याच रुग्णाला परत द्यायची. दुसऱ्याचा अवयव बसवला तर शरीर त्याच्यावर तुटून पडतं, म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. इथे त्याची गरजच नाही. माल घरचाच, फक्त खोली बदलायची.

बेटं सोडवतात कशी, हे समजून घेताना मला सारखी लातूरची डाळ मिल आठवत राहिली. तुरीचा दाणा सरळ भरडला तर टरफलाबरोबर डाळीचाही चुरा होतो आणि सगळी चुनी होते. म्हणून मिलवाले आधी दाण्याला रोलरवर नुसते चरे पाडतात, तेल चोळतात, ढीग लावून मुरू देतात, वाळवतात. टरफल आणि डाळ यांच्यामधला चिकट पदार्थ सैल व्हावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. डाळ अखंड राहिली पाहिजे आणि टरफल आपण होऊन सुटलं पाहिजे.

बेटांचंही असंच. सर्जन स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा शेवटच्या क्षणापर्यंत तोडत नाही, कारण रक्त थांबलं की बेटं गुदमरू लागतात. काढलेला अवयव बर्फासारख्या गार द्रावणात ठेवून निर्जंतुक प्रयोगशाळेत पोचवला जातो. तिथे त्याच्या मुख्य नळीत कोलॅजिनेज नावाचं विकर भरतात. अवयव फुग्यासारखा फुगतो. एका जिवाणूपासून मिळणारं हे विकर पेशींना बांधून ठेवणारा कोलॅजेनचा डिंक विरघळवतं. सेंट लुईसच्या पॉल लेसी यांनी 1967 मध्ये उंदरांच्या स्वादुपिंडातून याच विकराने बेटं मोकळी करून दाखवली होती. फुगवलेल्या अवयवाचे तुकडे मग एका बंद धातूच्या भांड्यात जातात, आत काही गोळ्या टाकलेल्या असतात. कॅमिलो रिकॉर्डी यांनी 1988 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि भांड्यालाही त्यांचंच नाव आहे. शरीराइतक्या उबदार द्रावणात ते भांडं हलवत राहायचं. डिंक सुटतो, गोळ्यांच्या हलक्या माराने ऊती मोकळी होते.

आता खरी कसोटी. थांबायचं कधी? लवकर थांबलं तर बेटं ऊतीत अडकलेली राहतात. उशीर केला तर विकर बेटंच खायला लागतं. म्हणून दर काही मिनिटांनी थेंबभर नमुना काढून त्यात डायथिझोन हा रंग टाकतात. बीटा पेशी इन्सुलिन जस्ताबरोबर साठवून ठेवतात आणि हा रंग जस्ताला धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळट, मातकट गाळात एकदम लालभडक ठिपके उठून दिसतात. पीठ चाळताना चाळणीत मसुरीचे दाणे दिसावेत तसे. ठिपके सुटे झालेले दिसले की द्रावण गार करून विकराचं काम थांबवायचं. ते ठरवणारा डोळा माणसाचाच, अनुभवाने तयार झालेला.

गाळ फार असेल तर पाखडायचा. सूप म्हणून एक फिरतं यंत्र, त्यात कमी-जास्त घनतेच्या द्रावणांचे थर. बेटं हलकी असल्याने वरच्या थरात तरंगतात, पाचक पेशींचा गाळ खाली बसतो. पण प्रत्येक पाखडणीत चार दाणे सांडतातच. स्वतःच्याच बेटांच्या बाबतीत एकेक बेट मोलाचं, म्हणून जमेल तिथे ही पायरी गाळतात आणि थोडा गाळ तसाच राहू देतात.

मग ती पिशवी पुन्हा ऑपरेशन थिएटरात येते. बेटं ठेवायची कुठे? स्वादुपिंडाची जागा रिकामी झाली आहे, पण तिथे नाही. ती सोडतात यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका शिरेत, सलाइनसारखी, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन मिसळून. प्रवाह त्यांना यकृतात वाहून नेतो, शिरा बारीक होत जातात आणि जिथे बेट अडतं तिथेच त्याचं नवं घर. जागा हुशारीने निवडलेली आहे. निरोगी माणसातही स्वादुपिंडाचं इन्सुलिन आधी यकृतातच जातं, मग बाकी शरीरात. टोचलेलं इन्सुलिन कातडीतून उलट्या वाटेने येतं. यकृतात वसलेल्या बेटाच्या इन्सुलिनला यकृतापर्यंतची वाटही चालावी लागत नाही. सर्जनची नजर मात्र शिरेतल्या दाबावर खिळलेली असते. फार दाटी झाली तर यकृताचाच प्रवाह अडेल.

पहिले दिवस बेटांच्या हालाचे. त्यांची स्वतःची रक्तवाहिनी तुटलेली असते, भोवतालच्या रक्तातून झिरपेल तेवढ्याच प्राणवायूवर ती तगतात. बरीच मरतात. साधारण दोन आठवड्यांत यकृताच्या बारीक वाहिन्या त्यांच्यात शिरू लागतात. तोवर रुग्णाला बाहेरून इन्सुलिन देऊन साखर काटेकोर ताब्यात ठेवतात, कारण चढलेली साखर म्हणजे नुकत्याच लावलेल्या रोपावर मणभर ओझं. रोप मूळ धरेपर्यंत त्याच्याकडून फळ मागायचं नाही. एक कोडं तरीही उरतं. यकृतातल्या बेटांच्या अल्फा पेशी जिवंत असतात, पण साखर उतरल्यावर ग्लुकॅगॉन सोडायला कचरतात. यकृत स्वतःच साखर सोडत असतं, त्यामुळे शेजारी साखर भरपूर असल्याचा त्यांचा समज होत असावा, असा एक तर्क आहे.

प्रयोगशाळा आणि रुग्ण एकाच गावात असावेत असंही नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये अफगाणिस्तानात गोळ्या लागलेल्या एका अमेरिकी हवाईदल जवानाचं उद्ध्वस्त स्वादुपिंड वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात काढावं लागलं. ते विमानाने मायामीला, रिकॉर्डी यांच्या प्रयोगशाळेत गेलं. बेटं सोडवून परत आली आणि जवानाच्या यकृतात सोडली गेली. त्याचं वय होतं 21. बर्लिनमधल्या त्या विद्यार्थ्याएवढंच.

मिनेसोटाच्या गटाने 2012 मध्ये 409 रुग्णांचा हिशोब मांडला. तीन वर्षांनंतर 30 टक्के जणांना इन्सुलिन मुळीच लागत नव्हतं, आणखी 33 टक्क्यांमध्ये बेटं अर्धंमुर्धं काम करत होती. मोठ्यांपेक्षा मुलांचा निकाल चांगला. आणि सगळ्यांत बोलका आकडा बेटांच्या संख्येचा. वजनाच्या दर किलोमागे पाच हजारांहून जास्त बेटं मिळाली त्यांच्यात 72 टक्के इन्सुलिनमुक्त, अडीच हजारांहून कमी मिळाली त्यांच्यात फक्त 12. साठ किलोच्या माणसाला म्हणजे तीन लाख बेटं. मुळात दहा लाखांहून जास्त असतात, एक-तृतीयांशसुद्धा हाती लागली तरी पुरे.

पण सुजेने स्वादुपिंड जितका जास्त काळ जाळलं असेल तितकी ही शिल्लक कमी. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूटमध्ये शशिकला मित्नाला आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या स्वादुपिंडांतली बेटं तपासली. बीटा पेशीला 'तू बीटा पेशी आहेस' याची आठवण ठेवायला लावणारं पीडीएक्स-1 हे प्रथिन जुनाट दाहात कमी झालेलं त्यांना आढळलं. म्हणजे बेट जागेवर असतं, पण सुजेच्या वातावरणात आपलं काम विसरू लागतं. ज्याला हे ऑपरेशन लागणारच आहे, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामकांवर दिवस काढण्याचा हा छुपा खर्च आहे. मला वाटतं, मराठवाड्यातल्या डॉक्टरांनी रुग्णाला वेळेत पुढे पाठवण्यामागचं हे सगळ्यांत मोठं कारण ठरावं.

कमी पडलेली बेटं आणायची कुठून, या प्रश्नाला पुण्याचा हात लागलेला आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे यांनी बेटांवर दीर्घ काम केलं. तिथेच घडलेले आनंदवर्धन हर्डीकर 2004 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाचे सहलेखक होते. मानवी बेटांतल्या पेशी रूप बदलून काचपात्रात वाढवता येतात, असं तो निबंध सांगत होता. त्यावर पुढे बराच वाद झाला. मग 2009 मध्ये हर्डीकर, मुग्धा जोगळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी अनपेक्षित जागी पाहिलं. मानवी पित्ताशयात. तिथे बेटांसारखे, इन्सुलिन बनवणारे पुंजके निसर्गतःच असतात आणि मधुमेहींच्याही पित्ताशयात ते टिकून असतात, असं त्यांना दिसलं. गर्भात यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड आतड्याच्या एकाच टप्प्यातून अंकुरतात, ही त्यांची भाऊबंदकी. खड्यांसाठी काढलेलं पित्ताशय नांदेड-लातूरच्या रुग्णालयांतून रोज टाकून दिलं जातं. त्यातून उपचार अजून बनलेला नाही, पण पाहायची जागा बदलली.

ऑपरेशन झालेल्याची सुटका पूर्ण होत नाही, हेही खरं. पाचक रस बनवणारा भाग कायमचा गेलेला असतो, त्यामुळे प्रत्येक जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल. पांथरी बहुधा बरोबरच काढावी लागते, म्हणून ठरावीक लसी. आणि इन्सुलिनचे युनिट महिन्यामहिन्याने कमी करत जायचे, कुणाचे शून्यावर येतात, कुणाचे चारावर थांबतात.

यकृतात विखुरलेली ती बेटं सोनोग्राफीत दिसत नाहीत. मग ती जिवंत आहेत हे कळतं कसं? बीटा पेशी इन्सुलिन बनवताना आधी एक लांब साखळी विणते, मग मधला तुकडा कापून बाजूला टाकते. कापलेला तुकडाही रक्तात सोडला जातो. त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणून सुई टोचून घेणाऱ्या माणसाच्याही रक्तात सी-पेप्टाइड सापडलं, तर ते एकाच ठिकाणाहून आलेलं असतं. त्यासाठी हैदराबादला परत जावं लागत नाही. लातूरच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, एक नळी भरून, आणि अहवालाची वाट बघायची.